मोफत प्रसूतिसेवा आणि गर्भवतीचा अलिखित खर्च : अंकुशनगर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंकुशनगर हे समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेले ठिकाण आहे. गळीत हंगाम सुरू झाला की अशा परिसरात ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. दुसरीकडे, याच जिल्ह्यातील कित्येक कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात. या दोन्ही प्रवाहांत गर्भवती स्त्रियाही असतात. शासकीय रुग्णालयातील बाळंतपण त्यांच्यासाठी मोफत आहे. तरीही ते त्यांना केवढ्याला पडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

मोफत सेवेची व्याप्ती :
२००५ च्या जननी सुरक्षा योजनेने दवाखान्यातील प्रसूतीसाठी रोख साहाय्य सुरू केले. १ जून २०११ रोजी सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने त्यापुढे जाऊन प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त, मातेचा आहार आणि नेण्या-आणण्याचे वाहन विनामूल्य केले. ही तरतूद मोलाची आहे, यात शंका नाही. तथापि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) सार्वजनिक दवाखान्यातील एका प्रसूतीमागे पदरचा सरासरी खर्च देशपातळीवर २,९१६ रुपये आढळला. त्याआधीच्या सर्वेक्षणात तो ३,१९७ रुपये होता. घट आहे, पण अल्प. शिवाय हा आकडा प्रसूतीपुरता आहे. त्यापूर्वीच्या महिन्यांत बुडालेली मजुरी त्यात येत नाही.

खाड्याचे अर्थशास्त्र :
ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मानला जातो. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि मजुरी टनावर ठरते. त्यामुळे पत्नी तपासणीला गेली की केवळ तिचा रोज बुडत नाही, तर जोडीचे कामच अडते. सोबतीला पती गेला तर फड पूर्ण बंद. अनेक ठिकाणी मुकादम अशा गैरहजेरीचा 'खाडा' लावतो व ती रक्कम उचलीत मिळवतो. अर्थात दवाखान्यात एक पैसाही न देता त्या दिवसाचे कर्ज अंगावर चढते.

नेमून दिलेल्या वाराची अडचण निराळीच. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दरमहा ९ तारखेला गर्भवतींची तपासणी होते. ऊस भरण्याची गाडी मात्र ९ तारीख पाहून येत नाही. सोनोग्राफीसाठी अंबडला वा जालन्याला जावे लागले तर दुसरा दिवस जातो. नित्याच्या तपासणीला जाण्याचे भाडे, सोबत आलेल्या सासूचे किंवा जावेचे जेवण, कोपीवर मागे राहिलेल्या लेकराची सोय यांचा हिशेब कोणत्याही योजनेत नाही. साहजिकच तपासणी पुढे ढकलली जाते आणि रक्तक्षय उशिरा लक्षात येतो.

भरपाईच्या मर्यादा :
प्रधानमंत्री मातृवंदना योजना (२०१७) बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई म्हणूनच आखलेली आहे. पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आणि, २०२२ पासून, दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. दुसरा मुलगा झाल्यास काही नाही. जणू त्या गरोदरपणात मजुरी बुडतच नाही! आधार क्रमांकाशी जोडलेले बँक खाते, माता-बाल संरक्षण कार्ड व पात्रतेचे दाखले गोळा करण्यातही काही रोज खर्ची पडतात. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. परंतु ती आस्थापनेच्या हजेरीपटावर असलेल्या स्त्रीसाठी. मुकादमाच्या वहीत नवऱ्याच्या नावाखाली मोजल्या जाणाऱ्या मजूर स्त्रीला तिचा उपयोग नाही.

तपासणी कोपीपर्यंत नेणे हा त्यातल्या त्यात स्वस्त उपाय ठरेल. फडावरून मजूर परततात त्या सायंकाळच्या वेळी कारखान्याच्या आवारात परिचारिका व आशा यांनी शिबिर घेतल्यास प्रवास आणि खाडा दोन्ही टळतात. सोनोग्राफीसाठी मात्र जावेच लागेल. त्या दिवशी खाडा लावू नये, एवढी अट कारखान्याने मुकादमाच्या करारात घालणे शक्य आहे.