ल्यों शहरी जाणाऱ्यांसाठी

रोन आणि सोन या नद्यांच्या संगमावर वसलेल्या ल्यों शहरात पाऊल ठेवणाऱ्या प्रवाशाने प्रथम हे ध्यानी धरावे, की दुकानात शिरताच ‘बोंजूर’ असे स्पष्ट अभिवादन केल्यावाचून मालाची चौकशी करणे तेथे उद्धटपणाचे समजतात. जुन्या शहरातील ‘त्राबूल’, म्हणजे घरांच्या पोटातून एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर निघणारे बोळ, हे माझ्या मते या नगरीचे खरे वैभव. विणकर रेशमी कापडाचे गठ्ठे पावसात न भिजवता याच वाटांनी नेत, आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मन अंमलाविरुद्ध झगडणाऱ्यांनाही त्यांचा आश्रय लाभला. जड दरवाजा ढकलून अंधाऱ्या बोळातून पुढे गेले, की अकस्मात चौक, दगडी चक्री जिना आणि टपालाच्या पेट्यांची रांग दृष्टीस पडते. त्या पेट्यांवरील नावे वाचली म्हणजे उमगते, की ही लोकांची राहती घरे आहेत, सबब आवाज खालचाच ठेवावा. दुपारचे भोजन १२ ते २ च्या दरम्यान उरकावे. ‘बुशाँ’ नामक खाणावळींत कलेजी-आतड्यांच्या पदार्थांना अग्रमान असल्याने शाकाहारी मनुष्याने आगाऊ चौकशी करणे इष्ट. नळाचे पाणी मागितल्यास सुरईभर विनामूल्य मिळते, आणि सेवेची आकारणी बिलातच अंतर्भूत असल्याने बक्षिसीची सक्ती नाही.