वाचनालयाचे वर्ष : छत्रपती संभाजीनगर

कायदा
- मराठवाड्यात आधी हैदराबाद राज्याचा 1955चा ग्रंथालय कायदा. पुढे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, 1967.
- शासनमान्य ग्रंथालयांचे तीन प्रकार : जिल्हा, तालुका, इतर. दर्जानुसार शासकीय अनुदान.

उपक्रमांचे दिवस
- 27 फेब्रुवारी : मराठी भाषा गौरव दिन (कुसुमाग्रज जयंती). ग्रंथप्रदर्शन, काव्यवाचन.
- 23 एप्रिल : जागतिक पुस्तक दिन.
- 12 ऑगस्ट : ग्रंथपाल दिन (डॉ. एस. आर. रंगनाथन जयंती).
- 17 सप्टेंबर : मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन (1948).
- 15 ऑक्टोबर : वाचन प्रेरणा दिन (डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम जयंती).
- ग्रंथोत्सव : जिल्हा पातळीवर, ग्रंथदिंडी, परिसंवाद, पुस्तकविक्री.

नवे पुस्तक कपाटात येताना
- दाखल नोंदवहीत क्रमांक, आतल्या पानावर शिक्का, पुठ्ठ्याच्या कण्यावर वर्गांकाची चिठ्ठी.
- ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा वर्गांक 891.46.
- आयएसबीएन : 2007पासून 13 अंकी.

देवघेव की संदर्भ?
- देवघेव विभाग : सभासदांना पुस्तक घरी.
- संदर्भ विभाग : कोश, गॅझेटियर, जागेवरच वाचन.

शहरातील संस्था
- मराठवाडा साहित्य परिषद : स्थापना 1943, नियतकालिक 'प्रतिष्ठान'.