पुलावरून आलेला फोन

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवर, दक्षिणेच्या बाजूला, डंबार्टन नावाचा लांबलचक पूल आहे. १९९५ साल संपत आलं होतं. दिवसभराचं काम आटोपून जॅक स्मिथ हा इंजिनियर त्या पुलावरून लिव्हरमोरला, आपल्या घरी निघाला होता. गाडी चालवतानाच त्याने मोबाइल उचलला आणि सहकारी सबीर भाटियाला एक कल्पना सांगायला सुरुवात केली. ती पुरती सांगून व्हायच्या आतच सबीरने त्याला अडवलं. आधी घर गाठ आणि तिथल्या फोनवरून बोल, असं बजावून त्याने संभाषण तोडलं. मोबाइलवरचं बोलणं वाटेत कोणी ऐकलं तर?

एवढी धास्ती घ्यावी असं त्या कल्पनेत होतं तरी काय? ते समजायला या दोघांची अडचण समजून घ्यावी लागते.

सबीरचा जन्म चंदिगडचा, बालपण बंगळूरचं. पिलानीच्या बिट्समध्ये शिकत असताना त्याला कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेकमध्ये प्रवेश मिळाला आणि १९८८ साली तो अमेरिकेला गेला. पुढे स्टॅनफर्डची पदव्युत्तर पदवी, मग ॲपलमध्ये नोकरी. तिथे त्याची जॅकशी गाठ पडली. नंतर दोघंही फायरपॉवर सिस्टिम्स या लहान कंपनीत आले. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या कंपनीची स्वप्नं, असा त्यांचा क्रम सुरू झाला. त्यांच्या पहिल्या योजनेचं नाव जावासॉफ्ट. आपली माहिती वेबवर साठवायची आणि ब्राउझरमधून पाहायची, अशी ती कल्पना होती. भांडवलदारांचे उंबरे झिजवून झाले, पण पैसे द्यायला कोणी तयार होईना.

या खटपटीत दोघांना एकमेकांशी सतत बोलावं लागे आणि नेमकं तेच जमत नव्हतं. ऑफिसच्या ईमेलवर लिहावं, तर ते साहेबांच्या नजरेला पडण्याची भीती. खाजगी ईमेल खातं दोघांकडे होतं, पण ऑफिसच्या नेटवर्कभोवती फायरवॉल असल्यामुळे कामाच्या जागेवरून ते उघडता येत नव्हतं. संगणकाच्या क्षेत्रातली ही दोन हुशार माणसं शेवटी कागदाच्या चिठ्ठ्या आणि फ्लॉपी एकमेकांच्या हातात देत होती.

जॅकला पुलावर सुचलं ते इथून. फायरवॉल बाकी सगळं अडवत होती, पण वेबची पानं आत येऊ देत होती. मग पत्रच वेबच्या पानावर का ठेवू नये?

आज हे इतकं सरळ वाटतं की त्यात शोध कसला, असंही कोणी विचारेल. पण त्या काळी ईमेलचा मुक्काम कुठे असे ते आठवून पाहा. पत्र आधी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या यंत्रावर यायचं, तिथून तुमच्या संगणकातला खास प्रोग्रॅम ते उतरवून घ्यायचा आणि बहुतेक वेळा मूळ प्रत तिथून पुसली जायची. म्हणजे पत्र उरायचं फक्त तुमच्या टेबलावरच्या त्या एका यंत्रात. पत्ताही ऑफिसने, विद्यापीठाने किंवा इंटरनेट कंपनीने दिलेला. नोकरी सुटली की पत्ता गेला. जॅकने ही मांडणीच उलटी केली. पत्र कायम मध्यवर्ती यंत्रावर राहू द्यायचं आणि माणूस जगातल्या ज्या संगणकासमोर बसेल, तिथे त्याला ते दाखवायचं.

त्यासाठी नवं काही घडवावं लागणार नव्हतं. पत्रं इकडून तिकडे नेणारी पद्धत जुनी होती, वेबची पानं दाखवणारी पद्धत तयार होती, ब्राउझर घरोघरी पोचू लागला होता. कष्टाचं काम होतं ते जोडणीचं. वेबचा सर्व्हर मुळात विसराळू. एक पान देऊन झालं की समोर कोण होतं हे त्याच्या लक्षात राहत नाही. अशा यंत्राला प्रत्येक क्लिकला माणूस ओळखायला लावायचं, त्याचीच पत्रं शोधायची, त्या क्षणी त्यांचं पान तयार करून धाडायचं आणि हे एकाच वेळी हजारो लोकांसाठी करायचं. ही घडी जॅकने बसवली. आपल्याकडे ही कथा सबीरच्या नावाने सांगितली जाते आणि त्याचा अभिमान वाटणं स्वाभाविक आहे. पण मूळ ठिणगी जॅकची होती, हे ठासून सांगायला हवं. सबीरचं मोठेपण वेगळं. ऐकताक्षणी त्याला तिची किंमत कळली. त्या रात्री तो झोपला नाही. रात्रभर बसून त्याने व्यवसायाचा आराखडा लिहून काढला.

आता भीती होती ती चोरीची. कल्पना इतकी सोपी की ऐकणारा ती उचलून उद्याच कामाला लागेल. म्हणून सबीर भांडवलदारांसमोर आधी जुनी जावासॉफ्टच मांडायचा. समोरचा माणूस ती कशी तपासतो, नकार दिला तर कोणत्या कारणाने देतो, हे पाहायचा आणि विश्वास वाटला तरच खरा पत्ता उघड करायचा. ड्रेपर फिशर जर्वेट्सन या संस्थेत त्याने तो उघड केला. तीन लाख डॉलरच्या बदल्यात त्यांना ३० टक्के हिस्सा हवा होता. सबीर १५ टक्क्यांवर अडून बसला आणि बोलणी मोडून उठून गेला. बँकेत पैसा नसलेल्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाने असं उठून जायला छाती लागते. शेवटी १५ टक्क्यांवरच सौदा ठरला.

४ जुलै १९९६. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त साधून हॉटमेल सुरू झालं. वेबची पानं ज्या भाषेत लिहितात, त्या एचटीएमएलची चारही अक्षरं त्या नावात गुंफलेली होती.

सेवा फुकट होती, खर्च जाहिरातींतून निघणार होता. पण फुकटपणा हे तिचं खरं वैशिष्ट्य नव्हे. अडीच महिने आधीच जूनो नावाच्या कंपनीने अमेरिकेत फुकट ईमेल सुरू केलं होतं. फक्त त्यासाठी तिचा प्रोग्रॅम आपल्या संगणकावर बसवावा लागे. म्हणजे माणूस पुन्हा एका यंत्राला बांधलेला. हॉटमेलला काहीच बसवावं लागत नव्हतं. शेजाऱ्याचा संगणक चालत होता, वाचनालयातलाही चालत होता.

भांडवल पुरवणाऱ्या टिम ड्रेपरने आणखी एक गोष्ट सुचवली. जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी एक ओळ टाका, की तुम्हालाही असं फुकट खातं उघडता येईल. लोकांच्या खाजगी पत्रात आपला मजकूर घुसवायचा, हे दोघांना पटेना. बराच वाद झाला आणि शेवटी ओळ आली. पुढचं काम पत्रांनीच केलं. सहा महिन्यांत दहा लाख लोक आले. स्वीडन आणि भारत या देशांत एक पैसाही जाहिरातीवर खर्च न करता हॉटमेल सर्वांत मोठी ईमेल सेवा ठरली.

भारतात हे का घडलं, ते त्या वेळचे दर पाहिले की कळतं. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने खुलं केलं, पण चित्रं दिसतील अशा जोडणीला वर्षाला १५ हजार रुपये पडत. मध्यमवर्गीय घरात ते कोण घेणार? मग शहराशहरांतून सायबर कॅफे उघडले. तिथे तासावर पैसे मोजून बसणाऱ्याकडे स्वतःचा संगणक नव्हता, टेलिफोनची जोडणीही असेलच असं नव्हतं. त्याला मालकीचा मिळाला तो फक्त पत्ता. परदेशी गेलेल्या मुलाला पुण्या-नाशिकचे आईवडील रोमन अक्षरांत मराठी लिहू लागले. परदेशी फोनचे दर छातीत धडकी भरवणारे आणि टपालाला दहा-पंधरा दिवस, अशा काळात त्याच दिवशी उत्तर येणं म्हणजे काय, हे ज्या घरांनी अनुभवलं, त्यांनाच ठाऊक.

१९९७च्या अखेरीस खातेदार ८५ लाखांच्या आसपास पोचले होते. त्याच वर्षी याहूने रॉकेटमेल ही अशीच वेबवरची ईमेल सेवा चालवणारी कंपनी विकत घेऊन याहू मेल आणलं होतं. सबीरची धास्ती खोटी नव्हती. वर्षाच्या शेवटच्या दिवशी मायक्रोसॉफ्टने हॉटमेल घेतल्याचं जाहीर झालं. किंमत सुमारे ४० कोटी डॉलर असल्याचं सांगितलं जातं.

या शोधाची दुसरी बाजूही तितकीच खरी. साहेबाच्या नजरेपासून पत्र लपवण्यासाठी जॅकने ते दूरच्या यंत्रावर ठेवलं. पण मग त्या यंत्राच्या कुलपावर कोट्यवधींची खाजगी पत्रं विसंबली. ऑगस्ट १९९९मध्ये त्या कुलपात एक भोक सापडलं. ‘ईएच’ ही दोन अक्षरं पासवर्ड म्हणून वापरून कोणाचंही खातं उघडता येत होतं. काही तासांसाठी सेवा बंद करून ते बुजवावं लागलं. फायरवॉलमागच्या दोघांना सतावणारा प्रश्न, माझं पत्र माझ्याखेरीज कोण वाचतं, जीमेलपासून पुढच्या प्रत्येक सेवेला विचारला गेला आणि आजही विचारला जातो.