पत्र पहिल्या मालकाला

आमच्या घरची गाडी आम्ही घेतली तेव्हा सात वर्षांची होती. पुण्यातल्या पहिल्या मालकाने ती जिवापाड जपलेली. सीटवर डाग नाही, स्टेपनी कोरी, सर्व्हिसच्या पावत्या तारखेवार फाइलला लावलेल्या. नसरापूरच्या ओळखीच्या मिस्त्रीने बॉनेट उघडलं, खाली वाकून पाहिलं, इंजिनचा आवाज ऐकला आणि म्हणाला, "घ्या डोळे झाकून." टीटी फॉर्मवर सह्या झाल्या, आरसी नावावर झाली, बनेश्वरला नारळ फुटला.

दीड वर्षाने कात्रजपलीकडच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवरच्या मुलाने चॅसी नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि सहज विचारलं, "काका, या गाडीचा एक रिकॉल पेंडिंग दिसतोय. तीन वर्षं झाली. केला नाही का?"

रिकॉल म्हणजे कारखान्यातला दोष काढून देण्यासाठी कंपनीने गाडी परत बोलावणं. तसं पत्र कंपनीने पाठवलं होतं, पण पहिल्या मालकाच्या जुन्या फ्लॅटवर. तो फ्लॅट त्याने कधीच सोडलेला. काम पाऊण तासात झालं, एक पैसाही पडला नाही. पण मधल्या दीड वर्षात ती गाडी वरंधा घाट उतरली होती, पाबे घाट चढली होती, आईला घेऊन मांढरदेवीला जाऊन आली होती. कंपनी कोणती हे सांगण्यात अर्थ नाही, कारण अशी पत्रं जवळजवळ प्रत्येक कंपनीने पाठवली आहेत. त्या दिवसापासून रिकॉलच्या जुन्या बातम्या शोधून वाचायची मला सवय लागली. हा त्यांचाच मागोवा.

आमच्या भोर-वेल्ह्यात मोठी गाडी आधी आली ती वडाप म्हणून. कापूरहोळला भोरचा रस्ता फुटतो, चेलाडीला वेल्ह्याचा. या दोन फाट्यांवर ट्रॅक्स आणि कमांडर जीपा माणसं भरत. आत दहा, मागे लटकलेले चार, टपावर भाताची पोती. मग १९९४ साली पिंपरीच्या कारखान्यातून सुमो आली, २००० मध्ये बोलेरो, २००२ मध्ये नाशिकहून स्कॉर्पिओ. हळूहळू मोठी गाडी फाट्यावरून घराच्या अंगणात आली. नवी परवडणारे थोडे होते. बाकीच्यांनी पुण्यातून चार-पाच वर्षं वापरलेली, एमएच-१२ची पाटी लागलेली गाडी आणली.

त्या काळात गाडीची तक्रार म्हणजे मिस्त्रीशी केलेलं बोलणं. ब्रेक दबतोय, क्लच जड झालाय, स्टिअरिंग एका बाजूला ओढतंय, हे सगळं गॅरेजच्या बाकावर चहा पिताना सांगायचं. मिस्त्री पार्ट बदलायचा, आपण पैसे द्यायचे, विषय संपला. हा दोष कारखान्यातून आला असेल आणि तो काढून देणं कारखान्याचं काम असेल, हे कोणाच्या मनात यायचं नाही. खरं तर ग्राहक चळवळ आपल्या उंबरठ्यावरच जन्मली. बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत १९७४ मध्ये पुण्यातच सुरू केली आणि १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. पण त्या कायद्यात मालकाला स्वतः भांडायला जावं लागे. कंपनीने आपणहून गाड्या परत बोलवाव्यात, असा नियम देशात नव्हता.

जुलै २०१२ मध्ये वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेने स्वेच्छेने रिकॉल करण्याची आचारसंहिता आणली. सुरक्षेचा दोष सापडला तर कंपनीने तो जाहीर करायचा, मालकांना कळवायचं आणि फुकट दुरुस्ती करून द्यायची. पुढच्याच वर्षी मोठा धमाका झाला. जनरल मोटर्सने २००५ ते २०१३ दरम्यान बनलेल्या १,१४,००० शेव्हरोले टवेरा परत बोलावल्या. टवेरा म्हणजे ट्रॅव्हल्सवाल्यांची आणि एकत्र कुटुंबांची आवडती गाडी. दोष धुराच्या उत्सर्जनाचा होता, आणि त्याहून वाईट म्हणजे काही कर्मचाऱ्यांनी चाचणीच्या गाड्यांत निवडक, कमी धूर सोडणारी इंजिनं बसवून तपासणी पार पाडली होती. सरकारने नेमलेल्या समितीने ही कंपनीने केलेली फसवणूक ठरवली. बाजारात मात्र जुन्या टवेरांची खरेदी-विक्री चालू होती. २०१७ मध्ये कंपनीने भारतात गाड्या विकणंच थांबवलं. तळेगावचा तिचा कारखाना निर्यातीसाठी आणखी तीन वर्षं चालला आणि पुढे ह्युंदाईकडे गेला.

वापरलेली गाडी घेणाऱ्याने खरी लक्षात ठेवावी अशी बातमी मात्र २०१४ ची आहे. टोयोटाने त्या वर्षी ४४,९८९ इनोव्हा परत बोलावल्या, आणि त्या होत्या २००५ ते २००८ मध्ये बनलेल्या. स्टिअरिंगच्या मागे गुंडाळलेली एक तार असते, स्पायरल केबल. ती खराब झाली तर अपघाताच्या वेळी ड्रायव्हरची एअरबॅग न उघडण्याची शक्यता होती. सहा ते नऊ वर्षांची इनोव्हा म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या, कधी तिसऱ्या मालकाच्या दारात उभी असलेली गाडी. विकत घेताना एअरबॅग आहे म्हणून चार पैसे जास्त मोजलेले, आणि ती उघडेल की नाही हे सांगणारं पत्र तिसऱ्याच कोणाच्या पत्त्यावर. त्याच वर्षी महिंद्राने स्कॉर्पिओच्या ईएक्स मॉडेलच्या सुमारे २३,५०० गाड्या इंधनाचा दाब सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हसाठी बोलावल्या.

२०१६ मध्ये दोन गोष्टी घडल्या. मे महिन्यात गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओची धडक-चाचणी केली आणि तिला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे दिले. ड्रायव्हरच्या बाजूची एअरबॅग आपल्या देशात सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून. त्यामुळे गावाकडच्या जुन्या गाड्यांत बऱ्याचदा ती नसतेच. एअरबॅगचा रिकॉल यायला गाडीत आधी एअरबॅग तर हवी!

दुसरी गोष्ट टकाटाची. जपानच्या या कंपनीच्या एअरबॅग जगभरच्या अनेक गाड्यांत होत्या. एअरबॅग फुगवणाऱ्या धातूच्या डबीत अमोनियम नायट्रेट वापरलेलं होतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा सोसून ते बिघडायचं, आणि मग धडकेच्या वेळी पिशवीबरोबर ती डबीही फुटून धातूचे तुकडे आत उडायचे. माणसाला वाचवणारी वस्तूच मारक ठरत होती. होंडाने जुलै २०१६ मध्ये भारतात १,९०,५७८ गाड्या याच कारणासाठी बोलावल्या. वर्षभरात टकाटा कंपनी दिवाळखोरीत गेली. जुलै-ऑगस्टमध्ये वेल्ह्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. दमट हवेतली दहा वर्षं म्हणजे काय, हे तिथल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. टकाटाचा दोष नव्या गाडीत दिसत नाही, तो गाडी जुनी झाल्यावरच डोकं वर काढतो. म्हणजे तो येतो दुसऱ्या मालकाच्या वाट्याला.

तोवर सगळं कंपनीच्या मर्जीवर होतं. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ११० अ आलं. चालकाला, प्रवाशांना, रस्त्यावरच्या इतरांना किंवा पर्यावरणाला धोका पोहोचेल असा दोष असेल, तर केंद्र सरकार आता गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सरकारला असा आदेश द्यावा लागला, तर कंपनीला १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड. मालकांनी तक्रार नोंदवायची ती सरकारच्या वाहन पोर्टलवर. किती तक्रारी आल्या म्हणजे चौकशी सुरू होईल, हे त्या मॉडेलच्या वर्षाच्या विक्रीवर ठरतं.

आपण अडतो ते इथेच. हा कायदा तक्रारी मोजतो, आणि आमच्याकडच्या तक्रारी गॅरेजच्या बाकावर संपतात. एकाच मॉडेलचा एकच त्रास भोरच्या चार गॅरेजांत चार जण सांगत असतील, पण नोंद एकही नाही. सरकारच्या लेखी तो त्रास घडलेलाच नाही. शिवाय हा नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागू आहे. आमची गाडी घरात आली त्या वर्षी ती नेमकी त्या रेषेवर उभी होती. कंपनीने स्वतः केलेल्या रिकॉलचं काम मात्र त्यानंतरही होऊ शकतं. आमचं झालं ते तसंच.

नियम आल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत रिकॉलच्या बातम्या दर मोसमात येऊ लागल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने मोटर जनरेटर युनिटच्या तपासणीसाठी १,८१,७५४ पेट्रोल गाड्या बोलावल्या. त्यांत अर्टिगा, एक्सएल६ आणि विटारा ब्रेझाही होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये महिंद्राने बोलावल्या, क्लचच्या भागातल्या रबरी बेलोसाठी १२,५६६ एक्सयूव्ही७०० आणि ६,६१८ स्कॉर्पिओ-एन. ऑगस्ट २०२३ मध्ये पुन्हा एक्सयूव्ही७००, या वेळी १,०८,३०६. जून २०२१ ते जून २०२३ दरम्यान बनलेल्या या गाड्यांच्या इंजिनाजवळची वायरिंग घासून कापली जाण्याचा धोका होता. ही गाडी चाकणला बनते आणि धडक-चाचणीत तिला पाच तारे आहेत. तारे मिळाले म्हणून रिकॉल टळत नाही आणि रिकॉल झाला म्हणून गाडी टाकाऊ ठरत नाही, एवढं त्यातून कळावं.

वायरिंगच्या या बातमीने मला आमचा मिस्त्री आठवला. भातकापणीनंतर घराच्या पडवीत उभ्या गाडीत उंदीर शिरतात आणि तारा कुरतडतात, हा इथल्या प्रत्येकाचा अनुभव. त्यामुळे वायर तुटलेली दिसली की मिस्त्री बिनदिक्कत सांगतो, "उंदीर." बहुतेक वेळा तो बरोबरच असतो. पण एखाद्या वेळी तार दातांनी तुटलेली नसते, पत्र्याला घासून झिजलेली असते. दोन्हींतला फरक टोक पाहिलं की दिसतो. मात्र एकदा टेप गुंडाळली की पुरावा गेला.

घाटाचीही हीच गोष्ट. वरंध्याची उतरण न्यूट्रलवर किंवा चौथ्या गिअरमध्ये उतरली तर कोणत्याही गाडीचे ब्रेक तापणार. ती झीज, दोष चालवणाऱ्याचा. पण कमी गिअरमध्ये उतरूनही, नवे पॅड असूनही ब्रेक पुन्हा पुन्हा खोल जात असेल, आणि तेच दुसऱ्या गावातल्या त्याच मॉडेलच्या मालकालाही होत असेल, तर प्रश्न कारखान्याला विचारायला हवा. झीज आणि दोष यांत निवाडा करायला लागतात तारीख, किलोमीटर आणि जॉब कार्डवर लिहिलेली ओळ. "मागच्या पावसाळ्यात कधीतरी" यावर निवाडा होत नाही.

कागद जपला तर काय होतं, याचं उदाहरण २० एप्रिल २०२२ चं आहे. २०१५ मध्ये घेतलेल्या एका क्रेटाचा २०१७ मध्ये दिल्ली-पानिपत महामार्गावर अपघात झाला आणि एअरबॅग उघडल्या नाहीत. धडकेचा जोर पुरेसा नव्हता, असा कंपनीचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. वेग आणि बलाची गणितं मांडणारा पदार्थविज्ञानाचा जाणकार असण्याची अपेक्षा ग्राहकाकडून ठेवता येत नाही, असं न्यायालय म्हणालं आणि भरपाईसह गाडी बदलून देण्याचा आदेश कायम राहिला. ग्राहक संरक्षणाच्या २०१९ च्या नव्या कायद्याने सदोष उत्पादनाची जबाबदारी उत्पादकावर स्पष्टपणे टाकली आहे आणि तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते. भोर-वेल्हेकराला त्यासाठी पुण्यापर्यंतच जायचं आहे. मुदत मात्र दोन वर्षांची आहे.

जुन्या गाड्यांच्या बाजारालाही १ एप्रिल २०२३ पासून नियम लागले. वापरलेल्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याने परिवहन खात्याकडून मान्यता घ्यायची आणि विक्रीसाठी आलेली गाडी पोर्टलवर कळवायची. चांगली सुधारणा आहे. तरीही व्यवहाराच्या टेबलावर आपण विमा पाहतो, पीयूसी पाहतो, बँकेची एनओसी मागतो, टायरची नक्षी बोटाने मोजतो. रिकॉलचं विचारणारा खरेदीदार मी अजून पाहिलेला नाही. मीही विचारलं नव्हतं.

या सगळ्या वर्षांतून मला कळलं ते एवढंच. पत्र माणसाच्या नावावर जातं, रिकॉल मात्र चॅसी नंबरवर असतो. नाव बदलतं, पत्ता बदलतो, फोन बदलतो. तो सतरा अक्षर-अंकांचा नंबर कारखान्यापासून भंगारापर्यंत बदलत नाही. पहिल्या मालकाला आलेलं पत्र आपल्याला मिळणार नाही, पण त्यातला मजकूर विचारायचा हक्क आपला आहे आणि विचारायला पैसे पडत नाहीत.

तेव्हा गाडी घ्यायच्या आधी आरसीवरचा चॅसी नंबर उतरवून घ्या आणि त्या कंपनीच्या कोणत्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा, यावर रिकॉल बाकी आहे का. उत्तर मेसेजवर किंवा कागदावर मागा. गाडी नावावर झाली की आपला मोबाइल नंबर वाहन पोर्टलवर आणि कंपनीकडे, दोन्हीकडे बदलून घ्या. त्रास झाला तर मिस्त्रीला सांगाच, पण जॉब कार्डवर लिहून घ्या आणि पोर्टलवरही नोंदवा. तुमची गाडी तिसऱ्या हाताची असो, पंधरा वर्षांकडे झुकलेली असो, विचारायला उशीर झालेला नाही. आणि गाडी विकलीत, तर नव्या मालकाचा नंबर जपून ठेवा. पत्र तुमच्याच घरी येणार आहे.