बोटीतला फिश फाइंडर आणि सुनेची सोनोग्राफी

बंदीचे दोन महिने म्हणजे जेटीवर कामं भरपूर आणि गप्पाही भरपूर. जाळी दुरुस्त करायची, इंजिन उघडायचं, बोटीला रंग काढायचा. ह्या जुलैत एक बोटमालक काका सोसायटीच्या हापिसात डिझेलच्या सवलतीचे कागद घेऊन आले. सही झाली, चहा झाला, तरी उठेनात. मी कितीतरी वर्षं आरोग्य केंद्रात नर्स होते, त्यामुळे असं न उठणं मला कळतं.

"ताई, एक विचारायचं होतं. सुनेला आठवा लागलाय. डॉक्टर म्हणतात परत सोनोग्राफी करा. ही तिसरी. घरात म्हातारी ऐकत नाही. म्हणते, एवढ्या वेळा मशीन लावलं तर बाळाला बाधेल. आमच्या वेळी कुठे होती मशिनं?"

मी फाईल मागवली. पाचव्या महिन्याच्या रिपोर्टात स्पष्ट लिहिलं होतं: वार खाली आहे, गर्भपिशवीच्या तोंडाजवळ. ३२ आठवड्यांनी पुन्हा बघावे. म्हणजे डॉक्टरांनी उगाच सांगितलेलं नव्हतं.

मी काकांना उलट विचारलं, "तुमच्या बोटीत फिश फाइंडर आहे ना?"

"आहे की. त्याच्याशिवाय आता कोण जातो?"

"तो पाण्यात काय सोडतो?"

"आवाज," म्हणाले. आणि मग स्वतःच गप्प झाले.

मंडळी, सोनोग्राफी म्हणजे हेच. बोटीच्या बुडाला लावलेला सेन्सर पाण्यात आवाज सोडतो, तो तळाला किंवा माशांच्या थव्याला आपटून परत येतो, आणि किती वेळात परत आला त्यावरून स्क्रीनवर चित्र उठतं. फिश फाइंडर ५० किंवा २०० किलोहर्ट्झवर चालतो, हे तांडेलांना पाठ असतं: खोल पाण्यात ५०, उथळात आणि बारीक बघायचं तर २००. पोटाच्या सोनोग्राफीचा आवाज साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झ, म्हणजे तुमच्या २०० च्या दहा ते पंचवीस पट. तो फार खोल जात नाही, वीतभरच, पण तेवढ्यात बाळाच्या हृदयाचे चार कप्पे वेगळे दाखवतो. आपल्या कानाला तो ऐकू येत नाही, एवढंच. त्यात एक्स-रेसारखे किरण नाहीत.

पोटावर ते थंडगार जेल का लावतात, हेही दर्यावरच्या माणसाला पटकन समजेल. सेन्सरखाली हवेचे बुडबुडे आले की स्क्रीनवरचा तळ नाहीसा होतो ना? आवाजाला हवा ओलांडता येत नाही. मशीन आणि कातडी यांच्यामध्ये हवा राहू नये म्हणून जेल. सुरुवातीच्या महिन्यांत पाणी पिऊन लघवी धरून या म्हणतात, त्याचंही कारण तेच. भरलेली लघवीची पिशवी वायूने भरलेली आतडी बाजूला सारते आणि आतलं बघायला पाण्याची खिडकी तयार करते.

हे नातं मी ओढूनताणून जोडत नाही. पाण्याखालच्या पाणबुड्या आवाजाने शोधायचं तंत्र पहिल्या महायुद्धात निघालं. पुढे त्याच तत्त्वावर जहाजाच्या पत्र्यात, बॉयलरमध्ये कुठे चीर आहे ते शोधणारी यंत्रं बनली. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात, जिथे जहाजं बांधायची, तिथे इयान डोनाल्ड नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. महायुद्धात ते हवाई दलात होते, त्यामुळे रडार आणि सोनार त्यांच्या परिचयाचं. १९५५ मध्ये ऑपरेशनात काढलेल्या गाठी गाडीत घालून ते एका बॉयलर कारखान्यात गेले आणि धातू तपासायचं यंत्र त्या गाठींना लावून बघितलं. पाण्याची गाठ आणि मांसाची गाठ यांचे प्रतिध्वनी वेगवेगळे आले. पुढे टॉम ब्राउन नावाच्या इंजिनिअरने त्यांना माणसाला लावता येईल असं यंत्र बांधून दिलं. तो ज्या कंपनीत होता, ती जहाजांचीही उपकरणं बनवायची. १९५८ साली त्यांचा लेख 'लॅन्सेट' मासिकात आला. त्यात एक बाई होती, पोटाचा कॅन्सर आहे, आता काही करता येणार नाही, असं ठरवून टाकलेली. यंत्राने दाखवलं की ती अंडाशयाची मोठी पाण्याची गाठ आहे. ऑपरेशन झालं, बाई वाचली.

म्हातारीची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, कारण ती कुठून तरी आलेली आहे. सोनोग्राफी येण्यापूर्वी गरोदर बाईचं पोट एक्स-रेने बघायचे. इंग्लंडमध्ये ॲलिस स्ट्युअर्ट या डॉक्टर बाईंनी १९५६ ते ५८ च्या सुमारास दाखवून दिलं की, पोटात असताना ज्यांचा एक्स-रे झाला त्या मुलांमध्ये पुढे कॅन्सरचं प्रमाण जास्त आढळतं. आधी लोकांनी त्यांचं ऐकलं नाही, पण हळूहळू ती पद्धत बंद झाली. तेव्हा "मशीन बाधतं" ही गोष्ट एका मशीनबाबत खरी होती. आपण ती सगळ्या मशिनांना लावली.

तरी सोनोग्राफी कितीही वेळा, हौसेखातर करा, असं मी म्हणत नाही. आवाजातही शक्ती असते, त्याने किंचित उष्णता होते. म्हणून डॉक्टरसुद्धा गरजेपुरतीच करतात आणि पहिल्या तीन महिन्यांत ठोके ऐकवणारा डॉप्लर उगाच लावत नाहीत. सगळं ठीक असेल तर साधारण तीनदा होते: अकरा ते चौदा आठवड्यांत एकदा, अठरा ते वीसमध्ये एकदा, आणि पुढे वाढ बघायला एकदा. यातली मधली अजिबात चुकवू नका. बाळाचे अवयव तेव्हा नीट दिसतात. काही गंभीर व्यंग निघालं तर पुढचा निर्णय घ्यायला कायद्याने २० आणि २४ आठवड्यांचे टप्पे आहेत, आणि २४ च्या पुढे गंभीर व्यंगासाठी मेडिकल बोर्डाची मान्यता लागते. दर्यावरून नवरा येईल मग बघू, असं म्हणत बावीसाव्या आठवड्यात आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. आणि हो, मुलगा की मुलगी विचारू नका. १९९४ च्या कायद्याने सांगणाराही गुन्हेगार आणि विचारणाराही.

आता एक्स-रे. याबद्दल मला सर्वात जास्त प्रश्न येतात, आणि बहुतेक वेळा उशिरा. "पाळी चुकलीय हे ठाऊकच नव्हतं, खोकला होता म्हणून छातीचा फोटो काढला. आता मूल ठेवायचं की नाही?" एका वैनीला तर कुणीतरी औषधाच्या दुकानातच सांगितलं की मूल वेडंवाकडं होईल, पाडून टाक. ती रडत माझ्याकडे आली.

म्हणून आकडे सांगते. किरणं मोजायचं माप मिलिग्रे. बाळाला ५० मिलिग्रेपेक्षा कमी किरणं मिळाली तर व्यंग किंवा गर्भपाताचं प्रमाण वाढल्याचं दिसलेलं नाही. छातीच्या एक्स-रेत बाळापर्यंत जास्तीत जास्त ०.०१ मिलिग्रे पोचतात. दात, हात, पाय, डोकं यांच्या एक्स-रेतही असंच नगण्य. माती, दगड, आकाश यांतून नऊ महिन्यांत प्रत्येक बाळाला आपोआप मिळतात तीच अर्धा ते एक मिलिग्रे. केरळच्या किनाऱ्यावर चवरा भागात मोनाझाइटची काळी वाळू आहे, तिथे हे नैसर्गिक प्रमाण आणखी कितीतरी जास्त, आणि तिथली मच्छीमार कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या त्याच किनाऱ्यावर राहत आली आहेत. तेव्हा छातीच्या एका फोटोसाठी मूल पाडायची गोष्ट कुणी काढली तर त्याचं ऐकू नका, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. त्या वैनीचा मुलगा आज शाळेत जातो.

पोटाचा किंवा कमरेचा एक्स-रे आणि पोटाचा सीटी स्कॅन, यांचा विचार मात्र वेगळा. पोटाच्या एक्स-रेत ०.१ ते ३ मिलिग्रे, पोटाच्या सीटीत ३५ पर्यंत जाऊ शकतं. तेसुद्धा ५० च्या खालीच, पण लहानपणीच्या कॅन्सरचा थोडा धोका धरून चालतात, म्हणून दुसरा मार्ग असेल तर टाळतात. एमआरआयमध्ये हे किरण नसतात, तो गरोदरपणी चालतो. फक्त त्यात शिरेतून देतात ते गॅडोलिनियमचं औषध शक्यतो टाळतात. काहीही काढण्यापूर्वी शेवटच्या पाळीची तारीख सांगा. लाजू नका, तिथल्या पोरग्याला रोज हेच ऐकायचं असतं.

आणि उलट बाजूही ऐका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी ताप, वजन उतरतंय, आणि गरोदर आहे म्हणून एक्स-रे नको, असं करू नका. तपासणी न झालेला टीबी आईलाही खातो आणि बाळालाही. जेटीच्या ओल्या लादीवर घसरून मनगट मोडलं, तर फोटो काढून प्लास्टर घाला.

गरोदरपण सोडून जे आहे, त्याबद्दल आपल्या बायका आणखी कमी बोलतात. पहाटे तीन-चारला उठून मासळी उचलायची, दुपारपर्यंत बाजारात बसायचं, आणि नीट संडास नाही म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. मग लघवीला जळजळ. गरोदर असताना ह्या जळजळीकडे दुर्लक्ष केलं तर दिवस भरायच्या आधी कळा येऊ शकतात. लघवीची तपासणी साधी आणि स्वस्त आहे.

दुसरं, अंग बाहेर येणं. तीन-चार बाळंतपणं, वर डोक्यावर बर्फासकट टोपली, वर्षानुवर्षं. गर्भपिशवी खाली सरकते, खोकलं की लघवी सुटते. मी अशा बायका बघितल्या आहेत ज्यांनी दहा-दहा वर्षं कापड बांधून धंदा केला आणि नवऱ्यालाही सांगितलं नाही. ह्याला व्यायाम आहेत, आत बसवायची रिंग आहे, ऑपरेशनही आहे. कुणीतरी करणी केली म्हणून होत नाही ते.

तिसरं सर्वात महत्त्वाचं. पाळी जाऊन वर्ष झालं आणि पुन्हा डाग दिसला, एकदाच, अगदी थोडा, तरी दाखवा. "परत तरुण झाले" म्हणून हसणाऱ्या मावश्या आहेत आपल्याकडे. बहुतेक वेळा साधं कारण निघतं, पण पिशवीचा कॅन्सर असाच पहिला निरोप पाठवतो आणि तेव्हा तो पूर्ण बरा होण्यासारखा असतो. डॉक्टर सोनोग्राफीत पिशवीच्या आतल्या अस्तराची जाडी बघतात. ती आतून करायची सोनोग्राफी असते, बोटाएवढी नळी, आवरण घातलेली. थोडं अवघडल्यासारखं होतं, दुखू नये. बाई डॉक्टर किंवा सोबतीला नर्स हवी असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. तिशीनंतर पिशवीच्या तोंडाची तपासणी सरकारी केंद्रात करून घ्या, काही मिनिटांचं काम असतं.

बोटमालकांना दोन शब्द. ट्रॉलर आठ-पंधरा दिवस बाहेर असतो. तुमचा तांडेल असो की ओडिशा-झारखंडहून आलेला खलाशी, बायकोचे दिवस भरत आले असतील तर ते तुम्हाला ट्रिप लावताना ठाऊक असायला हवं. प्रत्येक रिपोर्टचा फोटो नवऱ्याच्या मोबाईलमध्ये ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, चौथ्या महिन्यापासून पुढे. अंगावरून रक्त जाणं, डोकं फुटल्यासारखं दुखून डोळ्यांपुढे अंधारी, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं तर १०८ लावा, नवऱ्याची वाट बघू नका.

काकांच्या सुनेचं राहिलं. वार पाचव्या महिन्यात खाली असली तरी बहुतेक जणींची पिशवी वाढता वाढता वर सरकते. नाही सरकली तर बाळाच्या वाटेवरच वार आडवी बसते, आणि कळा सुरू झाल्या की दुखल्याशिवायसुद्धा भळाभळा रक्त जातं. घरी असली तर बाई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. सोनोग्राफी सोडून हे आधी कळायला दुसरा सोपा मार्ग नाही.

दुसऱ्याच आठवड्यात तिसरी सोनोग्राफी झाली. वार तोंडावरच आहे. डॉक्टरांनी टोपली, बादली काही उचलायचं नाही, दवाखान्यापासून लांब राहायचं नाही, थेंबभर रक्त दिसलं तरी लगेच यायचं, असं बजावलंय. ३६ व्या आठवड्यात पुन्हा बघणार, आणि तेव्हाही तिथेच असेल तर तारीख देऊन सिझेरियन. तिच्या गटाचं रक्त लागेल म्हणून बोटीवरचे दोघे आणि शेजारच्या बोटीचा एक, असे तिघे रक्तपेढीत जाऊन आले. म्हातारी आता चौथ्या सोनोग्राफीची तारीख स्वतः विचारते.

ती तारीख ऑगस्टच्या मध्यावर येते, हंगाम नुकताच सुरू झालेला. नवराच त्या बोटीचा तांडेल. तेवढे दिवस बोट बांधून ठेवायची म्हणजे काय नुकसान, ते तुम्हाला सांगायला नको. काकांनी बर्फाची ऑर्डर पुढे ढकलली आहे.