पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर

मुलाला आखूड झालेला स्वेटर उसवून, त्या लोकरीत नव्या रंगाची भर घालून पट्ट्यांचा स्वेटर विणण्याची रीत अनेक घरांत आहे. काटकसर आणि कलात्मकता यांचा हा सुरेख मेळ होय. मात्र लोकरीची निवड चुकल्यास महिनाभराचे श्रम पहिल्याच धुण्यात वाया जाण्याचा संभव असतो.

शुद्ध लोकर गरम पाण्याने व चोळण्याने आटते. अॅक्रिलिकचा धागा तसा आटत नाही. म्हणून सर्व पट्टे एकाच जातीच्या धाग्याचे असावेत. जाडीही सारखीच हवी. एका लोकरीचे १० सेंटिमीटरमध्ये २० टाके बसत असतील, तर ८० टाक्यांचा पुढचा भाग ४० सेंटिमीटर रुंद होतो. दुसरीचे २२ टाके बसल्यास तिचा पट्टा जेमतेम ३६ सेंटिमीटर भरून कडा आत ओढल्या जातात. यास्तव प्रत्येक लोकरीचा लहान नमुना विणून, धुऊन, वाळवून मगच टाके मोजावेत. गडद धागा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबल्यास त्याचा रंग जातो की नाही, हेही कळते.

उसवलेल्या लोकरीची लडी करून ती कोमट पाण्यात धुवावी व सावलीत वाळवावी. धाग्याच्या वळ्या बऱ्याच अंशी सुटतात. विणताना प्रत्येक पट्ट्याच्या ओळी सम संख्येत ठेवाव्यात. त्यामुळे धागा सुरुवातीच्याच कडेला परततो आणि न तोडता वर घेता येतो.

अशा रीतीने जुनी ऊब नव्या मापात पुन्हा अंगावर येते.