मूल कुठवर आलं? टेम्पोच्या नंबरावरून पाहा

‘निपुण भारत’ अभियान (सुरुवात : ५ जुलै २०२१) सांगतं, वर्षअखेर मुलाला एवढं वाचता यावं :

पहिली : चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य; ९९ पर्यंत संख्या.
दुसरी : मिनिटाला ४५ ते ६० शब्द, ९९९ पर्यंत संख्या.
तिसरी : मिनिटाला किमान ६० शब्द, समजून, ९९९९ पर्यंत संख्या.

घरी काय कराल? वळ गावच्या गोदामांकडे दिवसभर टेम्पो येतात-जातात. नंबरातले शेवटचे दोन अंक पहिलीच्या मुलाला एक संख्या म्हणून वाचू द्या, तीन दुसरीच्याला, चारही तिसरीच्याला.

आई-आजीला वाचता येत नसेल तरी अडत नाही. मुलाला रोज एक गोष्ट मोठ्याने वाचायला सांगा, ऐका आणि विचारा, ‘असं का झालं?’ उत्तर देता आलं, म्हणजे समजलं.